डाव्या भुवईवरची खूण

“काका, ह्याला पेन्शनीत काढा आता,” तेजस म्हणाला.

पडद्यावरचं वाळूचं घड्याळ पाच मिनिटं तसंच फिरत होतं. साल दोन हजार सात. हडपसरमधल्या माझ्या स्टुडिओतला हा कॉम्प्युटर तेव्हाच म्हातारा झाला होता, माझ्यासारखा.

अखेर फोटो उमटला. तेजसचा मित्र विश्वजीत, कंपनीच्या कपड्यांत, हसणारा. आठवड्यापूर्वी सोलापूर रस्त्यावर अपघातात गेला. तेराव्याला फ्रेम हवी होती आणि मोठेपणीचा हा एकच फोटो होता.

“घेतलात ना कॉम्प्युटरवर उतरवून? मग मोबाईलमधला डिलीट करतो. सारखा समोर येतो हो.”

“घेतला,” मी म्हणालो.

यंत्राला एका वेळी फार काम झेपत नसे. म्हणून एक दुरुस्ती झाली की त्याच नावानं सेव्ह करायचं, मग पुढची. मागे फिरायची सोय नाही. मूळ फोटोची वेगळी प्रत ठेवायला हवी होती. डिस्क भरली होती, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे सुचलंच नाही.

मागे निळा रंग भरला. चेहरा उजळला. गालावरचे डाग पुसले, डाव्या भुवईतली पांढरी रेघही पुसली. गिऱ्हाइकांना हेच हवं असतं.

दुसऱ्या दिवशी विश्वजीतची आई, सोजरबाई आल्या. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

“भाऊ, कोयत्याची खूण कुठं हाय?”

“कसली खूण?”

“भुवईवरची. तिसरीत हुता. म्या ऊस सोलत हुते, मागनं आला. माझ्याच हातनं लागला.”

मूळ फोटो अजून आहे का, म्हणून मी तेजसला फोन लावला. “काका, तुम्हीच घेतला म्हणालात ना!” मी फोन ठेवला.

माउसनं मी एक रेघ काढली. घड्याळ फिरलं.

“अशी न्हवती.”

दुसरी काढली.

“न्हवती.”

तिसऱ्या वेळी कॉम्प्युटर बंदच पडला. काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो. सोजरबाई उठल्या.

“ऱ्हाऊ द्या. द्या तसाच. देवावानी दिसतोय. माझा वाटत न्हाई, येवढंच.”

तेराव्याला गेलो. आत जायचा धीर झाला नाही. दारात चपलांपाशी उभा राहिलो. लोक येत होते, फ्रेमच्या काचेवर, कपाळाच्या मधोमध गंध लावून बाजूला होत होते.

सोजरबाई सगळ्यांत शेवटी पुढे झाल्या. त्यांनी गंधात करंगळी बुडवली आणि डाव्या भुवईवर नखानं तिरकी रेघ ओढली. जरा मागे सरून पाहिलं. मग ती किंचित लांबवली.