एक दाब म्हणजे हो

सरळ मार्गाने एखादी गोष्ट केली तर तो आमचा दादा कसला! बाबांची वाचा गेली तेव्हा त्याने त्यांच्या अंगठ्याखाली बटण दिलं आणि प्रोग्रॅम लिहिला, तोही असल्या भाषेत, की जिच्यात शब्दच नाहीत. नुसते अधिक, वजा, कंस आणि स्वल्पविराम. बटणाची पेटी बाबांचे दाब, दर दाबाला एक चिन्ह, असे एका फाईलमध्ये उतरवते आणि प्रोग्रॅम ती फाईल एकेक चिन्ह करत वाचतो. एकच चिन्ह सापडलं तर स्पीकर म्हणतो "हो". जास्त सापडली तर "नाही".

पुढे घर विकण्यावरून बापलेकांचं बिनसलं आणि दादा तावातावाने निघून गेला.

जुनं बटण झिजलं म्हणून मी नवी पेटी आणली. तेव्हापासून बाबांचा एकच सूर. चहा देऊ? नाही. खिडकी उघडू? नाही. दादाला बोलावू? नाही. वर माझ्याकडेच डोळे वटारून बघायचे. मी म्हणायचे, म्हातारपणाचा हट्ट. दादाने फोनवर 'बाबा बोलावतायत का' विचारलं तेव्हा जे ऐकलं तेच त्याला सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

आज वैतागून ती फाईलच उघडली. दर दाबाखाली एक नवी ओळ. नवी पेटी प्रत्येक दाबामागे एक एंटरही लिहीत होती. आपल्याला ते दिसतही नाही, पण दादाच्या त्या विक्षिप्त भाषेला एंटर हेही एक चिन्हच. बाबा हो म्हणत होते आणि आम्ही त्यांच्या तोंडी नाही कोंबत होतो.

त्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे 'एक चिन्ह वाच'; दाबामागचं एंटर गिळायला मी प्रोग्रॅममध्ये एक स्वल्पविराम वाढवला.

"बाबा, दादाला बोलावू?"

"हो," स्पीकर म्हणाला. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही.

लगेच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"प्रोग्रॅमची चूक?" तो तुटकपणे म्हणाला. "उगाच माझी समजूत घालू नकोस, चिमे."

"मग त्यांनाच विचार ना!" मी फोन बाबांच्या उशाशी धरला.

तो हळूच म्हणाला, "बाबा, येऊ का मी?"

इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला आणि बाबांना धीरच धरवेना. अंगठा दाबतच सुटला. एकदा, पुन्हा, पुन्हा. मी त्यांचा हात धरेपर्यंत उशीर झाला होता.

"नाही," स्पीकर म्हणाला.

"दादा, थांब, ऐक..."

फोन बंद झाला होता. माझ्या मुठीत बाबांचा अंगठा अजून दाबतच होता.