दोघींची सावड

डब्याची कडी खट्‌कन लागली आणि निकिता स्वतःच दचकली. पोरं उठतील म्हणून तिनं श्वास धरला. चटईवर तिची ईश्वरी आणि मैत्रीण रेश्माचा सम्राट एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली. दोघं जेवलेलं एकच ताट अजून मोरीत तसंच पडलं होतं.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एकाच कंपनीत दोघी कामाला. रेश्मा पहिल्या पाळीला, निकिता दुसऱ्या. एक कामावर गेली की दुसरी दोन्ही पोरं सांभाळायची. ह्याला नाव दिलं निकिताच्या सासूनं, चांगुणाबाईंनी. सावड. बैलांची सावड, खुरपणीची सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. निकितानं तो शब्द कंपनीत नेला आणि पोरींनी उचलला. सुट्टीची अदलाबदल म्हणजे सावड, स्कूटीवर डबलसीट यायचं ती सावड, मोबाईलवरच्या ग्रुपचं नावही सावड. रेश्मा हसून म्हणाली होती, "मला तर राख सावडायला जातात तेवढंच ठाऊक. हे बरंय, जित्या माणसांचं."

आज सकाळी सुपरवायझरचा फोन आला. पर्मनंट करतो, पण उद्यापासून पहिली पाळी. निकिता हो म्हणून बसली आणि मग सासूला फोन लावला. ईश्वरीसाठी यायला त्या एका पायावर तयार.

"आत्या, सम्राटलाही बघाल ना?"

"माझ्या नातीला बघीन की. दुसऱ्याचं पोर कशापायी?"

"सावड तुम्हीच शिकवली ना मला."

"सावड भावकीत आसती, निकिता. तू लई लांब नेलीस."

तेव्हापासून ती घरात नुसती फिरत होती. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. सुपरवायझरला नाही कळवावं म्हणून फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. पर्मनंटच्या ह्या एका फोनसाठी किती दिवस काढले होते.

जिन्यात चपला वाजल्या. रेश्मा घामानं डबडबलेली आत आली.

"काय गं, तोंड का उतरलंय? माझ्या लेकानं छळलं व्हय?"

"न्हाई गं. झोपलाय गुणाचा."

"मग निघ की, बस चुकंल."

"रेश्मा, मला पहिली पाळी दिलीय. उद्यापासून."

रेश्मा हळूच चटईच्या कडेला टेकली. "पर्मनंट?"

"हं."

"बरं झालं बाई. ईश्वरीला कोण बघणार?"

"आत्या येतायत."

पुढचं रेश्मानं विचारलंच नाही. "ह्याचं बघीन मी कुठंतरी," म्हणत सम्राटच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिली. तिनं विचारलं असतं, भांडली असती, तर बरं, असं निकिताला वाटलं.

बोलण्यानं ईश्वरी जागी झाली. "आजी येणार?" म्हणत उठून बसली, खुदकन हसली. मग शेजारी झोपलेल्या सम्राटकडं तिचं लक्ष गेलं.

"आई, मग उद्या सम्राट कुणाच्या ताटात जेवणार?"