तिसऱ्या खेपेची ओळ

ध्वनिमुद्रकाने तिसरा टेक सगळ्यांना ऐकायला लावला तशी नवीने भिंतीला लावलेली पाठ सरळ केली. सभागृहामागच्या त्या खुराड्याएवढ्या खोलीत चौदा वादक कसेबसे मावले होते. चेलोवाल्या काकांना दारातच जागा मिळाली होती, आणि त्यांचं पोट बरंचसं बाहेरच होतं.

'नवी' हे काही तिचं नाव नव्हे. या वाद्यवृंदात जो शेवटी येतो त्याला पुढचा येईपर्यंत हेच म्हणतात. मागची नवी अकरा वर्षं नवीच राहिली होती. ही मात्र अजून पक्की झालेली नव्हती. एकवीस गावांचा दौरा आणि शेवटी हे ध्वनिमुद्रण, एवढी तिची परीक्षा. तिला ठेवायचं की निरोप द्यायचा, ते आज ठरणार होतं.

या मंडळींना कंडक्टर नाही. हात हलवून सांगणारं कोणी नसल्यामुळे प्रत्येकाने बाकीच्या तेरा जणांकडे कान ठेवायचा, हीच त्यांची शैली आणि तीच त्यांची कीर्ती. दौऱ्यात नवीने ते इमानेइतबारे केलं. इतकं, की तिला स्वतःचं व्हायोलिन कुठे सापडेना. जिचं असणं-नसणं कळत नाही तिला हे कशाला ठेवतील, या धास्तीने तिची अन्नावरची वासना उडाली होती. शेवटी आज, तिसऱ्या खेपेला, मधल्या त्या अगदी हळुवार ओळीत तिने गज जरा दाबला. जरासाच, पण जाणूनबुजून.

आता ती ओळ आली.

पहिल्याच मात्रेला तिचं व्हायोलिन घासात खडा लागावा तसं लागलं. नवीचे कान तापले. मान खाली घालून ती पुढची फजिती ऐकायला तयार झाली.

पण पुढे फजिती तिला सापडेचना. गज तर तिने शेवटपर्यंत सैल केला नव्हता, हे तिला पक्कं आठवत होतं. तिने पुन्हा कान दिला. दुसऱ्या मात्रेला व्हिओला तिच्या खालून वर येत होता, त्यामागून चेलो, आणि चौथ्या मात्रेपर्यंत सगळेच्या सगळे तिच्या उंचीला येऊन पोचले होते. कुणी कुणाला खूण केली नव्हती. तेवढी सवडच नव्हती. कुजबुजीसारखी लिहिलेली ती ओळ आता भरून वाहत होती. नवीच्या अंगावर सरसरून काटा आला. माणसांना हे जमतं, आणि ते घडत असताना आपण त्यांच्या मधोमध उभ्या होतो, यावर तिचा विश्वास बसेना.

टेक संपला.

"तिथे मी गज मुद्दाम दाबला होता," नवी म्हणाली.

तिच्या शेजारी वाजवणाऱ्या मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. "माहीत आहे. आम्ही काय झोपलो होतो?"

"मग तुम्ही सगळे..."

"तुला एकटीला सोडायचं होतं का तिथे?"

ध्वनिमुद्रकाने वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, कुठला टेक ठेवायचा. एकेकाने आपलं मत दिलं. बहुतेकांचा कौल तिसऱ्याला होता. काकांचं म्हणणं, कुठलाही ठेवा पण आधी जेवू या. परीक्षेवरच्या वादकाला मत विचारायची इथे पद्धत नाही, म्हणून नवी आपला कोट शोधू लागली.

"आणि तुझं?" पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या ताईंनी विचारलं.

नवीने चमकून पाहिलं. ताईंच्या चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं, पण खोलीतले सगळे तिच्या उत्तरासाठी थांबले होते. शहाण्या माणसाने 'तिसरा' म्हणून मोकळं व्हावं.

"परत वाजवू या का?" ती म्हणाली. "मघाशी मी फक्त स्वतःला ऐकत होते. तुम्ही आलात ते मला कळलंच नाही."

काकांनी मोठा सुस्कारा सोडला आणि ते दारातून वळले, ते जेवणाकडे नव्हे, सभागृहाकडे. त्यांच्यामागे बाकीचे निघाले. ध्वनिमुद्रकाने मुकाट्याने वायर उलगडली. सकाळपासून वाजवून दमलेली ती माणसं एका शब्दावर परत चालली होती, आणि नवी जागच्या जागी पाहत राहिली होती.

ताई दारातून मागे वळल्या.

"चल ना. तुझ्यावाचून सुरुवात कशी करणार?"