रहमत मिस्त्रीचा पाना

मी पाना बोलतोय. चाकाचे नट खोलायचा, दीड फुटी. ढाणकी रोडवरच्या एका गावात रहमत मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं मी अकरा वर्षं राबलो.

नगरपंचायतीची निवडणूक आली आणि गावाचं स्वास्थ्य गेलं. बॅनर कोणी कुठं लावायचा यावरून दोन गट रोज भिडायचे. अशाच एका दुपारी तांड्यावरची सुखीबाई वांग्यांनी भरलेला आटो घेऊन आली. टायर पंक्चर. रहमतनं माझ्याकडून दोन नट सैल करून घेतले, तेवढ्यात चौकातून दगड यायला लागले.

त्यानं सुखीबाईला आटोमागं ढकललं. मी मात्र त्याच्या हातातच राहिलो. तेवढंच आमचं चुकलं.

एका कार्यकर्त्याचं डोकं फुटलं. मारणारे पळाले. पोलीस आले तेव्हा रस्त्यावर रहमत तेवढा उभा होता.

"साहेब, चाक खोलून राह्यलो ना मी!"

"ठाण्यात सांग."

मला कापडात गुंडाळून लाखेचं सील ठोकलं. चिठ्ठीवर लिहिलं: लोखंडी हत्यार, एक नग. मग दोन वर्षं मुद्देमालाच्या खोलीत, कोयत्यांच्या शेजारी. बाहेर गाडी थांबली की वाटायचं, मला न्यायला आले. कोणी यायचं नाही. शिपायांच्या बोलण्यातून कळायचं: रहमत जामिनावर सुटला, पण गिऱ्हाईक तुटलं. मारणाऱ्यांच्या गटातून नगरसेवक म्हणून निवडून आलेल्या शामनं सुखीबाईला निरोप धाडला, "मावशी, साक्ष द्याल त तांड्याचा रस्ता इसरून जा."

तरी ती कोर्टात आली. सील फोडून मला टेबलावर ठेवलं होतं. सरकारी वकिलानं विचारलं, "हा पाना आरोपीच्या हातात होता की नाही?"

"होता."

रहमतनं मान खाली घातली.

"मिस्तरीच्या हातात पाना नाही राह्यत त काय राह्यते, साहेब? माह्या आटोचं चाक खोलून राह्यला होता तो. दगड आले तवा आंधी मले वाचवलं त्यानं."

रहमत सुटला. मी गॅरेजात परतलो. तांड्याचा रस्ता मात्र आजवर झालेला नाही.

पण सुटणं म्हणजे मोकळं होणं नव्हे, हे मला काल कळलं. सुखीबाईच्या आटोचं चाक खोलताना रस्त्यावरून घोषणा देत मिरवणूक आली. पोलिसांची गाडी मागं होती. रहमतनं मला झटकन मातीत टाकलं आणि रिकामे तळहात सगळ्यांना दिसतील असे धरून उभा राहिला.

"उचल भाऊ, मी हाय ना अठी," सुखीबाई म्हणाली.

तो हलला नाही. मिरवणूक गेली तरी हात तसेच.

माणसांनो, कोणाच्या हातात काय आहे ते जरूर पाहा. पण तो कशावर वाकलाय, तेही पाहत जा.

शेवटी सुखीबाईच खाली वाकली. पदरानं माझी माती पुसली, मला नटावर चढवलं आणि स्वतःच जोर लावला.