अडलेला कौल

कोरगावात कुणाचं लग्न अडो की विहीर खणायची असो, देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल घ्यायचा, आणि लोकांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं ते बाबलीने. दुसऱ्याचं गाऱ्हाणं लोकांना पटायचंच नाही. आणि मेली गाठ आली ती नेमकी त्याच्याच घशात!

गाठ कॅन्सरची, विषाणूमुळे झालेली. ही जात उपचाराला चांगली दाद देते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून इस्पितळात एक अभ्यास चालू होता: नेहमीच्या पस्तीसऐवजी पंचवीसच वेळा किरण द्यायचे. घसा कमी भाजेल, गिळणं आणि आवाज वाचायची आशा जास्त. पण गाठ परतणार नाही याची हमी कोण देणार? किती घ्यायचे ते ठरवून उद्या सही करायची होती. बाबलीला पंचवीस हवे होते. त्याची बायको देवकी पस्तीसवर अडून बसली होती. कॅन्सरशी कसली काटकसर, म्हणे!

शेवटी दोघं देवळात आली. उजवी पाकळी पडली तर पंचवीस, डावी पडली तर पस्तीस. बसलेल्या आवाजात बाबलीने स्वतःचंच गाऱ्हाणं घातलं. अर्धा तास झाला तरी एक पाकळी हलेना. देवकी मान खाली घालून बसली.

"एकच प्रश्न दोन देवांक इचारलो काय कौल अडता," बाबली तिच्याकडे न बघता म्हणाला. "कोणी इचारल्यान?"

"मियां," देवकी कशीबशी बोलली. गेल्या सोमवारी ती गुपचूप माहेरी, मुळगावला जाऊन तिथल्या देवाचा कौल घेऊन आली होती. "पस्तीस घेतले तर तुमी जगतलास काय, येवढांच इचारलंय. देवान होय म्हटल्यान."

"आणि माज्या आवाजाचा?"

"नाय इचारूक." तिला रडू आवरेना. नवऱ्याचा जीव मागताना नवऱ्यालाच विचारायचं राहून गेलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

पुजाऱ्याने पाकळ्या पुन्हा लावू का विचारलं. बाबलीने नकारार्थी मान हलवली. अडलेला कौल परत मागायचा नसतो, हे त्यानेच गावाला शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे केला. बाबलीने पेन उचललं आणि तसंच धरून राहिला. इतके दिवस हट्ट करणारा माणूस, पण आता पाठीशी देव नव्हता.

"देवकी," तो हळूच म्हणाला, "माका भ्यां वाटता गो."

"माकाय वाटता," ती म्हणाली. "करा सही. पंचवीसावर."