शकुनबाईचं लुगडं आणि नवं सरकार

तुमच्यापैकीच कुणीतरी मला भर मंडईत, दिवसाढवळ्या, अख्ख्या गावासमोर फाडलंय. नाव मी घेणार नाही. ज्यानं फाडलं त्याला ठाऊक आहे. आणि ज्याला वाटतंय की आपण त्यातले नाही, त्यानं आधी आपली नखं बघावीत. एखाद्या नखात माझा धागा अडकलेला सापडेल. शेणाच्या रंगाचा.

मी नऊवारी साडी बोलतेय. गावात मला लुगडं म्हणतात. म्हणू देत.

माझा जन्म पवनीचा, एका कोष्ट्याच्या मागावरचा. तेव्हा माझा रंग शेणाचा नव्हता. अंग हिरवंगार, रोवणी होऊन महिना झालेल्या धानाच्या बांधीसारखं, म्हणजे भाताच्या खाचरासारखं, आणि काठ हळदीचे. शकुनबाईनं मला बाजारात पाहिलं, बोटांत चुरगाळलं, खाली ठेवलं, पुढच्या दुकानात गेली, परत आली, पुन्हा चुरगाळलं आणि मगच घेतलं. माणसं मत देतानासुद्धा इतका विचार करत नाहीत.

वर्षभर मी तिच्या लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत राहते. लग्न, बारसं असलं की बाहेर येते. पण वर्षातून एक दिवस मला दुसरी नोकरी असते. दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्राच, भरते. पाहुणेरावळे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, लग्नाच्या पोरापोरींना लोक हळूच न्याहाळून घेतात, आणि दुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचं सोंगांचं नाटक, होते. आमच्या दंडारीला ना मंच, ना दोऱ्या. दोन माणसं एक लुगडं दोन टोकांना धरून उभी राहतात, मागं राजा येऊन बसतो, लुगडं खाली सोडलं की खेळ सुरू. तो पडदा म्हणजे मी.

माझं एक टोक लिलाधरच्या हातात असतं, दुसरं संघपालच्या. लिलाधर तलावात मासोळ्या धरतो, अजून बिनलग्नाचा आहे. संघपाल मोटारसायकलनं वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात जातो. दोघं एका पाटीवर लिहायला शिकले, एका झाडावरून पडले. एवढी वर्षं दोघांनी मला असं धरलं, की माझ्या अंगावर कधी सुरकुती पडली नाही.

यंदा मंडईच्या तोंडावर राज्यात नवं सरकार आलं.

नवं म्हणजे आलेलं नवं, पण त्याचं बोलणं जुनं. जुने संस्कार परत आणू, बिघडलेलं सगळं सरळ करू, असं ते म्हणत होतं. लिलाधर खुश झाला. त्यानं जिलेबी वाटली. संघपालनं घेतली नाही.

“काहून बे, तोंड गोड कराले काय जाते?” लिलाधर म्हणाला.

“आज जिलेबी खाऊ घालतीन,” संघपाल म्हणाला, “उद्या कोनं काय खाचं, काय नेसाचं, काय बोलाचं, ते बी तेच सांगतीन. पाहून घेजो. पयले तुह्या मासोळ्याच बंद करतीन.”

लिलाधरनं हातातली जिलेबी परत पुड्यात टाकली. मग म्हणाला, “मासोळीले कोन हात लावते? उगा कायच्या काय बोलतो! पोट्टे दिवसभर मोबाईलमंधी डोकं घालून बसून राहिले, मोठ्यायले उलटं बोलून राहिले. कोनी तं शिस्त लावन का नाही?”

“शिस्त तुह्या घरी लाव. माह्या घरी सरकार कायले पाहिजे?”

तेवढ्यात दोघांच्याही मोबाईलवर एकच निरोप आला. म्हणे, नव्या सरकारची माणसं साध्या कपड्यांत गावोगावच्या मंडया बघत फिरणार आहेत. दंडारीत संस्कारात न बसणारं काही दिसलं, तर मंडईच बंद. एकजण त्यानं घाबरला, दुसरा त्यानं हरखला. दोघांनीही तो निरोप पुढं पाठवला. खरा आहे का, हे दोघांपैकी एकानंही कुणाला विचारलं नाही. मी कापड आहे. मला विचारता येत नाही. तुम्हाला काय झालं होतं?

मंडई समितीचा अध्यक्ष धनंजय. दंडारीत राजा तोच होतो, कारण मुकुट त्याच्या डोक्याच्या मापाचा आहे. त्यानं ग्रामपंचायतीपुढच्या चिंचेखाली बैठक बोलावली. शकुनबाई तेव्हा तुमसरला लेकीकडं गेली होती. जाताना मला सुनेच्या हातून समितीकडं पोचवून गेली होती. म्हणजे त्या बैठकीत माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. मी धनंजयच्या मांडीवर घडी होऊन पडले होते.

“हा हिरवा रंग काही बरा दिसून नाही राहिला,” धनंजय म्हणाला. “वरून कोनी आलं अन् काही म्हनलं तं? भगवा करून टाकू.”

“पडदा गावचा हाये का सरकारचा?” संघपाल उठलाच. “रंगवाचाच असन तं निळा रंगवा.”

“मंग तो पडदा तुमचा होईन,” लिलाधर म्हणाला.

कुणी पांढरा सुचवला. तो मयताचा ठरला. कुणी काळा सुचवला. तो निषेधाचा ठरला. पिवळा म्हणणाऱ्याला लोकांनी कावीळ झाली का म्हणून विचारलं. शेवटी धनंजयनं, अध्यक्षाला शोभेल असा, सर्वांना मान्य होणारा तोडगा काढला. भगव्या रंगाची पुडी आणि निळ्या रंगाची पुडी एकाच घमेल्यात उकळत्या पाण्यात टाकली, आणि वरून मला टाकलं.

मी बाहेर आले तेव्हा पावसात भिजलेल्या गोवरीसारखी दिसत होते. सगळे बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग सगळ्यांचे चेहरे उजळले.

“ह्या रंगाची कोनतीच पार्टी नाही!” धनंजय आनंदानं म्हणाला.

एवढ्यावर थांबले असते तर मी सोसलं असतं. पण मग गाडी परसरामवर आली.

परसराम आमच्या दंडारीतला सोंगाड्या. वर्षभर दुसऱ्यांच्या बांधीत राबणारा, कुणी काही म्हटलं की “हो जी” म्हणणारा माणूस. मालकाला हो जी, तलाठ्याला हो जी, बायकोला तर दोनदा हो जी. फक्त मंडईच्या दिवशी, अंगात शिपायाचा डगला घातला की तो राजाला उलट बोलतो. त्याचं बोलणं गावाला पाठ आहे. राजा विचारतो, “शिपाया, माझी प्रजा काय म्हणते?” परसराम म्हणतो, “महाराज, परजा म्हनते, असा राजा झाला नाही.” राजा विचारतो, “असं कोण कोण म्हणतं?” तर परसराम म्हणतो, “मी म्हनतो ना, महाराज! बाकीच्यायले मी इचारलंच नाही. कायले तुमचा जीव दुखवा!”

बस, एवढंच. सरकार कुणाचंही असो, ज्यांचं नसतं ते जोरात हसतात, ज्यांचं असतं ते तोंडावर दुपट्टा घेऊन हसतात. मी हे पायाशी पडून दरवर्षी पाहिलंय.

“यंदा ते वाक्य नको,” धनंजय म्हणाला. “नुसतं म्हन, परजा सुखी हाये.”

“अन् मंग लोकायनं हसाचं कोठी जी?” परसरामनं विचारलं.

“हसाले पुढची मंडई हाये.”

परसराम सवयीनं “हो जी” म्हणाला. पण जाताना त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा घसरून पडला आणि तो उचलायला वळला नाही. संघपाल त्याच्या मागं जाऊन म्हणाला, “काका, तुमी बोला. मी हावो.” लिलाधर म्हणाला, “काका, कायले झंझटात पडता?” मग त्या दोघांचं आपसात असं जुंपलं की परसराम कधी निघून गेला हे दोघांनाही कळलं नाही. माणसांचं हे मला नेहमी नवल वाटतं. ज्याच्यासाठी भांडतात, त्यालाच विसरतात.

मंडईचा दिवस आला. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि सगळ्यांत पुढं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, एक अनोळखी माणूस येऊन बसला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काळा चष्मा, मांडीवर बॅग. सारखा इकडंतिकडं बघत होता. गावानं एका क्षणात ओळखलं. साध्या कपड्यांतला माणूस आला.

लिलाधर आणि संघपालनं मला ताणून धरलं. माझ्यामागं धनंजय मुकुट घालून बसला. तो सारखा मुकुट काढून त्यानंच वारा घेत होता. मला त्याचा वारा लागत होता.

“पाहा, आला तुह्या सरकारचा मानूस,” संघपाल पुटपुटला आणि त्यानं मला एक हिसका दिला.

“येऊ दे ना! चांगल्याले भेव कायचं?” लिलाधरनं उलटा हिसका दिला.

“चांगला कोन, हे कोन ठरवन? तू?”

“मंग काय तू?”

एकेका शब्दाला एकेक हिसका बसत होता. पुढं बसलेल्या बायकांना वाटलं, यंदा पडदा नाचतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मागं परसराम राजाच्या कानाशी लागून म्हणत होता, “धनंजयभाऊ, लोकायपुढं नाही बोलत. पन एवढ्या वर्साची सवय हाये, गळ्यात अडकून राहिलं. पडद्यामागं एकदा बोलून घेऊ दे ना जी. तुमी फक्त इचारा.”

धनंजयला दया आली असावी. तो हलक्या आवाजात म्हणाला, “इचारतो. पन हळू बोलजो. शिपाया, माझी प्रजा काय म्हणते?”

“महाराज, परजा म्हनते, असा राजा झाला नाही.”

“असं कोण कोण म्हणतं?”

नेमकं तेव्हाच इकडं एकजण म्हणाला, “तू विकला गेला बे!” आणि दुसरा म्हणाला, “तू येडा झाला बे!” आणि दोघांनी मला एकदम, जीव खाऊन ओढलं.

चर्रर्र.

बरोबर मधोमध. खिडकी उघडावी तशी मी फाटले. त्या खिडकीतून अख्ख्या मंडईला राजा दिसला, राजाच्या कानाशी लागलेला शिपाई दिसला, आणि सवयीनं चढलेल्या आवाजातला राजाचा प्रश्न तर सगळ्यांनी ऐकलाच होता.

जिलेबीवाल्याचा झारा हवेतच राहिला. धनंजय डोळ्यांनी सांगत होता, सुखी हाये म्हन, सुखी हाये म्हन. परसरामनं काळ्या चष्म्याकडं पाहिलं. मग गावाकडं पाहिलं. त्याचा हात नकळत माझ्या फाटक्या कडेवर आला. मला वाटलं, आता हा “हो जी” म्हणतो.

तो फाटक्या भागातून एक पाय टाकून बाहेर आला, डगला झटकला, आणि तलावापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मी म्हनतो ना, महाराज! बाकीच्यायले मी इचारलंच नाही. कायले तुमचा जीव दुखवा!”

पहिला हसला तो काळा चष्मा. हसता हसता चष्मा पडला, बॅग पडली, खुर्चीचा पाय वाकडा होऊन तो स्वतःही पडला. मग सगळं गाव हशानं फुटलं. लिलाधर हसू दाबायला दुपट्टा शोधत होता. दुपट्टा नव्हता, म्हणून त्यानं मलाच तोंडात कोंबलं.

धनंजय मुकुटासकट धावला आणि हात जोडून त्या माणसाला उठवू लागला. “साहेब, ते वाक्य जुनं हाये जी, सगळ्याच सरकारायले म्हनतो आमी.”

“साहेब कोन?” तो माणूस धूळ झटकत म्हणाला. “मी नाकाडोंगरीचा. पोरीसाठी पोरगा पाहाले आलो. लिलाधर म्हनून कोनी हाये म्हनते तुमच्या गावात, लय शांत सोभावाचा?”

लिलाधरच्या तोंडात तेव्हा माझा अर्धा पदर होता.

तर ही माझी कहाणी. सरकार चांगलं की वाईट, हे मी सांगणार नाही. ते ठरवायला अजून वेळ लागेल, आणि संघपालची भीती खोटीच आहे असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. पण आमच्या गावात तरी अजून कुणी आलं नाही, कुणी काही बंद केलं नाही. मला बुडवलं ते गावानं, परसरामला गप्प केलं ते गावानं. मंडळी, घाबरायचं तर घाबरा, खुश व्हायचं तर व्हा, पण आधी एकदा विचारून तरी या. कुणी सांगायच्या आत स्वतःलाच कसले रंग फासता?

शकुनबाई तुमसरहून आली तेव्हा मी समोर असूनही तिनं विचारलं, “माहं लुगडं कोठी हाये?” धनंजयनं हळूच मला पुढं केलं. तिनं काठ ओळखला. मग तिनं जे म्हटलं ते कोणत्याच सरकारच्या संस्कारात बसत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः मला मधोमध शिवलं, आणि त्या दोघांना माझा रंग काढायला तलावावर बसवलं.

आता मी तिथंच आहे. हिरवा काही परत येत नाही. दोघं मला खळबळून धुतात. भांडणाची दोघांना आता इतकी धास्ती बसली आहे की शब्दाला शब्द लागत नाही. “तुहं बी बरोबर हाये गा,” एक म्हणतो. “नाही बाप्पा, तुहंच बरोबर हाये,” दुसरा म्हणतो. मग दोघं माझी दोन टोकं धरून, एकमेकांकडं बघत, अगदी एकमतानं एकाच अंगाला फिरवतात. मी नुसती गोल गोल फिरते. थेंब गळत नाही.

काठावर बसलेल्या शकुनबाईनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि ओरडली, “अरे पोट्ट्याहो, एक इकडे पिळा, एक तिकडे पिळा! दोघंबी एकाच बाजूनं फिरवान तं पानी कसं निंगन?”