हात लावून पाहिलेले विद्यापीठ

त्या घरात कोणतीही नवी वस्तू मामांच्या हाताखालून गेल्यावाचून वापरात येत नसे. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन मामा पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना निरोप दिला. त्यांच्या हातांना मात्र तो पोचला नव्हता. बहिणीने बादली आणली की ते तिची कडी ओढून पाहत, खुर्ची आणली की ती उलटी करून पाय चाचपत, आणि बटाटे आणले तर पिशवीच्या तळाचा बटाटा आधी बाहेर काढत. वरचे दुकानदाराने निवडून ठेवलेले असतात, असे त्यांचे म्हणणे होते.

"माझं लग्न ठरलं तेव्हा यांनी आमच्या घराचे नळ उघडून पाहिले होते," मेहुणे येईल त्याला सांगत. मेहुण्यांचे चष्म्यांचे दुकान होते. "मुलगा बघायला आलेला माणूस न्हाणीघरात शिरला! आमची आई म्हणाली, पाहुण्यांचं पोट बिघडलंय वाटतं."

"नळ गळत होता," मामा शांतपणे म्हणत.

"हो, आणि तरी मुलगी दिलीत."

"वॉशर बदलून दिला, मग मुलगी दिली."

म्हणूनच की काय, बहिणीच्या दोन मुलांच्या मधल्या मुलीचे नाव मामांनी वॉशर ठेवले. दोन दांडगट भावांच्या मध्ये बसून ती दोघांची खरखर थांबवत असे. शाळेतले नाव वेगळे होते. घरात ते कुणाच्या तोंडी नव्हते.

आता वॉशरसमोर दोन वाटा होत्या आणि त्यांतली एक त्याच दिवशी संध्याकाळी बंद होणार होती. मामांच्या जुन्या कारखान्यात तिला शिकाऊ उमेदवाराची जागा मिळत होती. कारखाना त्यानंतर शिकाऊ मुले घेणे बंद करणार होता, म्हणजे ही शेवटची तुकडी. तिथला फोरमन मामांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने जागा धरून ठेवली होती, पण संध्याकाळपर्यंतच. दुसरी वाट विद्यापीठाची. गुण बेताचे असल्यामुळे एकाच विद्यापीठाने तिला यंत्र अभियांत्रिकीला घेतले होते. ते नवे होते आणि त्याच्याविषयी कोणालाच धड काही ठाऊक नव्हते.

"मला मशीन नुसतं चालवायचं नाही, मामा," ती म्हणाली होती. "बनवायचंय. पण तिथे चार वर्षं नुसत्या वह्याच भरायच्या असतील तर मला नको. त्यापेक्षा कारखाना बरा. हाताला काम तरी लागेल."

"त्यांच्या माहितीपत्रात काय लिहिलंय?"

"पहिल्या दिवसापासून वर्कशॉप. फोटो पण आहेत."

"फोटो कसला बघायचा? फोटोला हात लावता येत नाही."

"म्हणून तर तू चल. तू हात लाव आणि सांग. तू म्हणशील ते."

हे 'तू म्हणशील ते' मामांना वाटले होते त्याहून जड निघाले. कारखान्यात त्यांच्या हातून यंत्रभागांचे हजारो नकाशे गेले होते. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असे आणि तीत तो भाग ज्याने योजला त्याचे नाव. तिथे नाव घालायला पदवी लागे. मामांची सही नेहमी मागच्या बाजूला, तपासणीच्या शिक्क्याखाली. त्यांना त्याचे कधी वाईट वाटले नव्हते, निदान ते तसे म्हणत नसत. पण भाची लहान असताना तिने काढलेल्या प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात मामा पट्टीने एक चौकट आखून देत आणि म्हणत, "इथे नाव घाल."

विद्यापीठात त्या दिवशी पालकांसाठी सगळे खुले होते. पायऱ्या धुतलेल्या, कुंड्यांना ताजा गेरू. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण प्राध्यापक पालकांचा घोळका घेऊन फिरत होता. वाचनालय, संगणक कक्ष, उपाहारगृह. मामा प्रत्येक ठिकाणी मागे रेंगाळत. त्यांनी एका खिडकीची कडी लावून पाहिली, एका जिन्याचा कठडा हलवून पाहिला.

"मामा, लोक बघतायत," भाची कुजबुजली.

"बघू दे. कठडा पक्का आहे."

शेवटी वर्कशॉप आले. लांब, उजेडाचे, उंच छताचे दालन. भिंतीलगत लोखंड कातणाऱ्या लेथ यंत्रांची रांग. प्राध्यापक दारातच थांबून बोलू लागला. मामा मात्र सरळ आत गेले. यंत्रशाळा खरी की खोटी हे ओळखण्याची त्यांची पद्धत साधी होती. यंत्राच्या गिअरपेटीवर तळवा ठेवायचा. ज्या लेथवर काम चालते तो आतून कोमट असतो, एखाद्या जनावराच्या पाठीसारखा. मग खालच्या थाळीत पाहायचे. काम झाले असेल तर तिथे कातलेल्या लोखंडाचा कुरळा कीस पडलेला असतो.

त्यांनी पहिल्या लेथवर तळवा ठेवला. कोमट.

त्यांनी भाचीकडे पाहिले. ती दारापाशी, दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. निकालाच्या फळ्यासमोर ती अशीच उभी राहत असे.

थाळीत कीस होता. निळसर, कुरळा, भरपूर. मामांनी चिमूटभर उचलला आणि बोटांत चोळला. तेलाचा ओशटपणा लागला नाही, कोरडा वाटला. कोरडेच कातले असेल, मुले शिकताना तेल वापरत नसतील, असे त्यांनी मनाशी म्हटले. दुसरा लेथ, कोमट. तिसराही कोमट. रांगेच्या टोकाला अजून एक लेथ होता. एरवी मामा तिथूनच सुरुवात करते. तळाचा बटाटा आधी काढणारा माणूस! पण तिसऱ्या लेथवरून हात उचलला तेव्हा त्यांना हवे ते उत्तर मिळून चुकले होते. टोकाच्या यंत्राकडे त्यांनी नुसते डोळ्यांनी पाहिले आणि ते वळले.

"काय?" भाचीने विचारले.

"चालतात."

"खरंच?"

"अगं, गरम आहेत. आज सकाळपासून पोरं काम करून गेलीयत. आम्हाला पदविकेला एका लेथमागे रांग लावावी लागायची. तुझी मजा आहे, वॉशरबाई."

"म्हणजे घ्यायचं?"

मामांनी मान हलवली. ती इतकी हसली की जवळच्या एका अनोळखी बाईलाही हसू आले. ओसरीवरच्या बाकावर बसून तिने फोरमनला फोन लावला. "काका, मी नाही येत... हो, विद्यापीठ... नाही, मामा स्वतः आलेत, हात लावून बघितलं त्यांनी." पलीकडून फोरमन काय म्हणाला ते मामांना ऐकू आले नाही, पण ती म्हणाली, "काका म्हणतात, साहेबांनी पास केलं म्हणजे प्रश्नच मिटला." मग कचेरीत जाऊन तिने प्रवेश पक्का केला. सही करताना तिने कागदाचा उजवा कोपरा मामांना बोटाने दाखवला. तिथे खरोखरच एक चौकट होती.

बसथांब्यावर आल्यावर मामांना काहीतरी टोचू लागले. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू त्यांच्या मनात उशिरा उतरत असे. टोकाचा तो लेथ. त्याच्या चकमध्ये, म्हणजे ज्या जबड्यात लोखंड पकडतात त्यात, तो आवळायची चावी तशीच खोचलेली होती.

"मी येतो जरा," ते उठले. "चकमध्ये चावी राहिलीय. कोणी यंत्र सुरू केलं तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडेल. एखाद्या पोराचा डोळा जायचा."

"फोन करून सांग ना."

"कोणाला करू? तू बस इथेच. पिशव्या सांभाळ."

पाहुण्यांची वेळ संपली होती. वर्कशॉपचे दार अर्धे लोटलेले होते. आत एक मदतनीस, पन्नाशीचा, लहान ब्रश घेऊन थाळीतला कीस काळजीपूर्वक गोणीत भरत होता. काम झाल्यावर कीस काढावाच लागतो, त्यात नवल नव्हते. पण भंगाराचा कीस कोणी असा फुंकर घालून, धूळ बाजूला करून भरत नाही. पहिल्या दोन यंत्रांवर प्लास्टिकची आवरणे चढली होती.

"टोकाच्या मशीनला चावी राहिलीय," मामा म्हणाले.

"कुठल्या? त्या?" मदतनीस हसला. "राहू द्या हो. त्याला वीजच जोडलेली नाही. आल्यापासून तसंच उभं आहे ते. तुम्ही कंपनीकडून आलात का, जोडायला?"

"नाही. मी पालक."

"पालक तर मघाशीच गेले. अच्छा, आत शिरलेले ते तुम्हीच होय?"

"बाकीची गरम होती."

"असणारच. सकाळपासून रिकामी फिरवतोय. विभागप्रमुखांचा हुकूमच आहे." त्याने गोणीचे तोंड बांधले. "मागच्या खेपेला एक गृहस्थ आले, तुमच्यासारखेच, वयस्कर. लेथवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाले, हा तर थंड पडलाय. केवढी पंचाईत झाली! तेव्हापासून पालक यायच्या आधी मशीन तापवून ठेवतो. आणि हा कीस." त्याने गोणीवर थोपटले. "बाहेरून आणलाय. जपून ठेवतो, पुढच्या वर्षी लागतो."

"मुलं काय करतात इथे?"

"बघतात की. त्या काचेतून. मशीन बिघडलं तर जबाबदार कोण, म्हणून हात लावू देत नाहीत. वह्या मात्र छान लिहून घेतात हो, रंगीत आकृत्या काढून."

तो हे वाईट हेतूने सांगत नव्हता. आपल्या कामात किती नेटकेपणा आहे, एवढेच तो सांगत होता. मामा टोकाच्या लेथपाशी गेले आणि त्यांनी त्यावर तळवा ठेवला. दगडासारखा थंड. त्यांनी चकमधून चावी काढली, ती तिच्या जागी अडकवली आणि ते बाहेर आले.

बाहेरच्या पायरीवर उभे राहूनच त्यांनी फोरमनला फोन केला.

"साहेब, अभिनंदन! पेढे कधी?"

"ती जागा अजून आहे का रे?"

"कोणासाठी?"

"तिच्यासाठीच. माझी तपासणी चुकली."

"साहेब, थट्टा करताय का? तुमची?"

"जागा आहे का सांग."

"नाही हो साहेब. तिचा फोन आला आणि मी लगेच यादीतल्या पुढच्या मुलीला कळवलं. ती बापाला घेऊन येऊनही गेली. रडत होती बिचारी, आनंदाने. आता तिला काय सांगू?" मग दबक्या आवाजात, "तुम्ही पास केलं म्हटल्यावर मी थांबायचं तरी कशासाठी?"

"बरोबर आहे तुझं," मामा म्हणाले.

थांब्यापर्यंतच्या वाटेवर मामांनी सगळे उपाय एकेक करून मनात मांडून पाहिले. प्रवेश सोडावा, तर घरी बसणे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, तर गुण तेच राहणार. तक्रार करावी, तर कशाची? यंत्रे होती, खरी होती, गरमही होती. दोष सांधता येतो की भागच बाद करावा लागतो, याचा निर्णय त्यांनी आयुष्यभर क्षणात दिला होता. इथे काहीच सांधले जात नव्हते.

"काढलीस चावी?" भाचीने विचारले.

"काढली." ते तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिला सर्व सांगितले, काही वगळले नाही, काही मऊ केले नाही. फोरमनचे बोलणेही सांगितले. ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत आणि सोडत ऐकत होती.

"पण तू हात लावला होतास," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"गरम होतं म्हणालास."

"गरमच होतं गं."

ती रागावली असती तर मामांना बरे वाटले असते. ती नुसती त्यांच्या हाताकडे पाहत राहिली, दुकानातून आणलेली एखादी वस्तू घरी येऊन उघडावी आणि चालूच होऊ नये तशी. बस आली. दोघे चढले. तिने त्यांना खिडकीची जागा दिली, आणि ती नेहमी स्वतः तिथे बसण्यासाठी भांडत असे हे दोघांनाही आठवले.

घरी मेहुणे दारातच उभे होते. "काय मग? विद्यापीठाचे नळ उघडले का? पास की नापास?"

मामांनी तोंड उघडले. पण भाची त्यांच्या आधी बोलली.

"पास, बाबा. प्रवेश घेतला."

"आणि कारखाना?"

"नको म्हटलं."

"झकास! मामांच्या हातालाच डोळे आहेत, म्हणून तर हे माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत." मेहुणे खूश होऊन आत गेले. मामांनी भाचीकडे पाहिले. तिने हळूच मान हलवली. आता नको, असे ती म्हणत होती, आणि बहुधा कधीच नको.

टेबलावर एक खोके होते. लेक विद्यापीठातच जाणार असे धरून बहिणीने सकाळीच तिच्यासाठी, वसतिगृहावर न्यायला, नवी इस्त्री आणली होती आणि बॅगही भरायला घेतली होती. खोके तिने उघडले नव्हते. तो मान तिच्या दादाचा, म्हणजे मामांचा.

"दादा, बघून दे रे. वायर, तळ, सगळं. परक्या ठिकाणी पोरीला झटका बसायला नको."

मामांचे हात मांडीवर होते. ते त्यांनी उचलले नाहीत. "आज नको," ते म्हणाले. "तिलाच बघू दे. शिकवलंय मी तिला."

भाचीने खोके हातात घेतले. वायर कुठे वाकवून पाहायची, स्क्रू कुठे चाचपायचा, तळाची पट्टी उजेडात कशी धरायची, हे तिला लहानपणापासून पाठ होते. क्षणभर तिचा अंगठा झाकणाखाली गेला. मग तिने तो काढून घेतला.

"चांगली आहे, आई," ती म्हणाली, आणि खोके न उघडताच तिने ते बॅगेत, कपड्यांच्या खाली, तळाशी ठेवून दिले.